ऑइल जातंय कुठं?

‘इंजिन हाफ करावं लागणार.’ बॉनेट उघडून पाच मिनिटंही झाली नव्हती आणि पहिल्या गॅरेजवाल्यानं निकाल देऊन टाकला. तोही माझ्याकडं नाही, शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडं बघून. गाडी माझी, चालवते मी, तक्रार सांगितली मी. पण खर्चाचा आकडा साहेबांना. हाफ इंजिन म्हणजे हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायचं, चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं) उतरवायचं, पिस्टन बाहेर काढून रिंगा बदलायच्या, बेअरिंगं तपासायची. दहा वर्षं जुन्या पेट्रोल हॅचबॅकवर एवढा खर्च करावा की गाडीच विकून टाकावी, हा हिशेब घरी त्या रात्रीच सुरू झाला.

तक्रार अशी होती. माझं माहेर साखरप्याजवळ. तिथून कोल्हापूरला परत येताना आंबा घाट चढून मलकापूर मागं टाकलं आणि पुढं रस्त्याच्या कामामुळं गाड्या खोळंबल्या होत्या. इंजिन तापलेलं, गाडी न्यूट्रलला, आणि डॅशबोर्डवरचा झारीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकायला लागला. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की विझायचा, पाय काढला की परत. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब किती आहे ते सांगतो. पंप चेंबरमधलं ऑइल ओढून बारीक वाटांनी क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) बेअरिंगपर्यंत आणि वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) ढकलतो. त्या वाटेवर एक छोटा स्विच असतो, आणि दाब साधारण अर्ध्या किलोच्याही (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो) खाली गेला की तो दिवा लावतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पिवळा ‘चेक इंजिन’ लागला तर बहुतेक वेळा हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येतं. हा लाल दिवा दिसल्यावर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असं कुणी म्हणालं तर त्याला स्टिअरिंगला हात लावू देऊ नये. कोरडी बेअरिंगं निकामी व्हायला काही मिनिटं पुरतात.

दहा मिनिटं थांबून ऑइल मापायची पट्टी काढली, पुसली, परत घातली, काढली. अगदी टोकाला जेमतेम ओल. नवरा एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून पेट्रोल पंपावर गेला आणि ऑइलचा डबा घेऊन आला. ऑइल घातलं, दिवा विझला, आम्ही घरी पोचलो. पण सर्व्हिस वेळेवर झालेली, पार्किंगच्या फरशीवर एक डाग नाही. साडेतीन लिटर ऑइलच्या इंजिनातलं एवढं ऑइल गेलं कुठं?

या प्रश्नाचं उत्तर न शोधता इंजिन उघडायला माझी तयारी नव्हती. म्हणून दुसरं मत घ्यायला शिवाजी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको. उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग ज्या गल्ल्यांत बनत आले तिथं इंजिन कळणारी माणसं अजून सापडतात. माझ्या शेजारणीनं सुचवलेले मामा त्यांतलेच. त्यांनी गाडी बघायच्या आधी मला विचारलं, ‘किती खाती?’

मी म्हटलं, ‘खाते म्हणजे... खूप खाते.’

‘खूप म्हंजे किती? हजार किलोमीटरला पाव लिटर, अर्धा लिटर, एक लिटर? मापल्याशिवाय औषध कसं द्यायचं, ताई? ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि जावा घरी. मोजून या.’

गॅरेजवाला काम न करता घरी पाठवतो, हा अनुभव नवीन होता. पण त्यांचं म्हणणं रास्त होतं. ऑइल थोडंफार जळणं हे इंजिनाच्या स्वभावातच आहे. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत तर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं असं छापलेलं असतं. माझ्या गाडीच्या पट्टीवर खालची आणि वरची खूण यांत एक लिटरचा फरक आहे, तेव्हा पट्टी हेच माप झालं. दर रविवारी सकाळी, गाडी एकाच सपाट जागी, इंजिन गार, आणि वहीत किलोमीटर आणि पातळी. हे गार इंजिनाचं पथ्य महत्त्वाचं. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर बरंचसं ऑइल अजून वर हेडमध्ये असतं, ते खाली उतरेपर्यंत पट्टी कमी दाखवते. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवरही विश्वास ठेवायचा नाही, नळीच्या कडेचं ऑइल तिला लागलेलं असतं. पुसून दुसऱ्यांदा बुडवायची.

महिना-दीड महिन्यात चित्र स्पष्ट झालं. हजार किलोमीटरला साधारण पाऊण लिटर. आणि त्याहून कामाची गोष्ट म्हणजे गावात शाळा-बाजार-घर करताना पट्टी फारशी हलत नव्हती, साखरप्याला जाऊन आलं की झपकन उतरायची. मामांना वही दाखवल्यावर ते पहिल्यांदा खूश झालेले दिसले.

मग गळती. फरशीवर डाग नाही म्हणजे गळती नाही, असं नसतं. चालत्या गाडीत ऑइल वाऱ्यानं मागं पसरतं, काही तापलेल्या सायलेन्सरवर पडून जागच्या जागी जळून जातं. इंजिन आधी धुऊन कोरडं केलं. नंतर मामांनी साधी टाल्कम पावडर घेतली आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) कडेनं, फिल्टरच्या बुडाशी, चेंबरच्या जोडावर भुरभुरली. ‘जावा, कागलपर्यंत फिरून या.’ परत आल्यावर टॉर्च लावून बघितलं. चेंबर कोरडा, फिल्टर कोरडा, चेंबर नट (ऑइल काढायचा तळाचा नट) कोरडा. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात मात्र पांढऱ्या पावडरीत बोटभर काळपट रेघ उतरली होती, थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या दिशेनं. सिग्नलला कधीकधी जळका वास यायचा, त्याचा उगम हा. गळती शोधताना वरून खाली यायचं, हे मामांनी हाताखालच्या पोराला सांगितलं तेव्हा मीही ऐकून ठेवलं. ऑइल सगळ्यात खाली जिथं टपकतं ती जागा बहुतेक वेळा निर्दोष असते.

पण एवढ्याशा ओलीनं पाऊण लिटर जात नाही, हे मलाही दिसत होतं.

याच फेरीत मी उगाच घाबरले तीही गोष्ट सांगते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरा थर होता, दुधावर साय धरावी तसा. मी वाचलेलं होतं की ऑइल दुधाळ झालं म्हणजे हेड गॅस्केट फुटलं आणि कूलंटचं पाणी ऑइलमध्ये मिसळलं. मामांनी झाकण बघितलं, बोटानं थर पुसला आणि पट्टी काढली. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ तपकिरी. कूलंटच्या बाटलीतली पातळी खुणेवर, रेडिएटरमध्ये ऑइलचा तवंग नाही, बुडबुडे नाहीत. ‘रोज किती चालते गाडी?’ तीन किलोमीटर जाणं, तीन येणं. ‘आणि पावसाळा. इंजन तापतंय कुठं?’ इंजिनात पाण्याची वाफ रोजच तयार होते. लांब चाललं तर उडून जाते, थोडंसं चालवून बंद केलं तर वरच्या गार झाकणाला धरून बसते. तासाभराच्या प्रवासानंतर तो थर खरोखरच नाहीसा झाला. पट्टीवरच दुधाळ दिसलं असतं तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा गाडी चालूही करायची नाही.

पट्टीचा वास घ्यायलाही त्यांनीच शिकवलं. पेट्रोलचा झणका आला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय, ते पातळ होतंय, आणि मग पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते! ‘माझी गाडी ऑइल वाढवते’ म्हणून आनंदानं सांगत आलेलं एक गिऱ्हाईक त्यांना आठवलं. रंगावर मात्र ते जात नाहीत. डिझेल गाडीत नवं ऑइल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं आणि ते बरोबरच आहे, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच. काळं म्हणजे खराब, हे गाडी धुणाऱ्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे सांगतात.

मोठी गळती नाही, पाणी नाही, पेट्रोल नाही. राहिलं जळणं. आणि जळणाऱ्या ऑइलचा धूर कधी दिसतो यावर ते कुठून आत शिरतं ते ठरतं. यासाठी मला घाट मिळाला हे माझं नशीब. माझा दादा मोटरसायकल घेऊन आंब्याला थांबला आणि तिथून साखरप्यापर्यंत माझ्या गाडीच्या मागं मागं आला. मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून, इंजिनाच्या ब्रेकवर उतरत गेले. घाट संपल्यावर सपाटीला पाय दिला आणि मागून हॉर्न वाजला. थांबल्यावर दादा म्हणाला, ‘अगं, भपकन निळा धूर आला आणि मग काहीच नाही.’ दोन दिवसांनी परतीच्या चढाला तो परत मागं होता. चढाला, इंजिनावर पूर्ण ताण असताना, निळं काही नाही.

उतारावर थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) बंद असतो पण चाकं इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळं इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो. व्हॉल्व्हच्या दांड्याला बसवलेलं छोटं रबरी सील कडक झालं असेल तर तो व्हॅक्यूम दांड्याच्या कडेनं ऑइल खाली ओढतो. ते साठतं, आणि पाय दिला की एकदम जळतं. सकाळी पहिल्या सेलला येणारा निळा झोत हीच गोष्ट सांगतो. रात्रभर झिरपलेलं ऑइल. रिंगा गेलेल्या असत्या तर चढाला, ताणाखाली, सतत धूर दिसला असता. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, त्याचा ऑइलशी संबंध नाही. सकाळचा थंडीतला पांढरा धूर म्हणजे नुसती वाफ.

मामांनी मान डोलावली, पण सील टाकायला घेतलं नाही. इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑइलचं झाकण उघडून तसंच भोकावर ठेवलं. झाकण थडथडायला लागलं आणि आतून धुरकट वाफारा आला. ‘हे बघा. पोटात दाब धरलाय.’ पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो इनटेककडं परत ओढून घ्यायला एक छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो काढून त्यांनी कानाशी हलवला. चांगला असेल तर आतला तुकडा टकटक वाजतो, माझा मुका. काळ्या गाळानं घट्ट बसलेला. बाहेर जायची वाट बंद झाली की आतला दाब मिळेल तिथून ऑइल ढकलतो. टॅपेट पॅकिंगमधून, सीलमधून, ब्रीदरच्या (आतली वाफ बाहेर नेणाऱ्या) पाइपातून. तो पाइप काढला तर थ्रॉटलपर्यंत ऑइलनं माखलेला.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काहीशे रुपयांचा. आधी तेवढाच बदलला. पॅकिंग नाही, सील नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही, हा मामांचा हट्ट. परत वही. खप जवळजवळ निम्म्यावर आला, घाटाखालचा निळा भपका मात्र तसाच.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब धरतो त्याची तपासणी. चारही प्लग काढले, पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही तोडले, मला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारायला सांगितलं. गेज प्रत्येक सिलिंडरला १७० पीएसआयच्या (हेही दाबाचंच माप) आसपास थांबत होता, आपसांतला फरक दहाच्या आत. एखादा सिलिंडर खूप खाली असता तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मापायचं. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्हची बैठक. इथं तशी वेळ आली नाही. प्लगांपैकी तिसरा तेवढा काळा आणि ओलसर. ‘रिंगा चांगल्या हायेत की! कोण म्हणालं हाफ?’ मी नाव सांगितलं नाही.

लाल दिव्याचाही निकाल लावला. प्रेशर स्विच काढून तिथं गेज बसवला, इंजिन चांगलं तापवलं. आयडलला (पाय न देता नुसतं चालू इंजिन) दीड किलो, तीन हजार आरपीएमला साडेतीनच्या पुढं. पंप ठीक, बेअरिंगं ठीक. त्या दिवशी दिवा लागला तो निव्वळ ऑइल संपत आल्यामुळं, पंपाला मधूनमधून हवा ओढावी लागत होती. आता विचार करा, हाफ इंजिनात हेच पंप आणि हीच बेअरिंगं ‘खराब’ म्हणून बदलली गेली असती.

सीलचं काम मी उभी राहून बघितलं. हेड उतरवावं लागलं नाही. कॅम काढले, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरली, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडत नाहीत. मग एकेक स्प्रिंग दाबून तिची दोन इवलीशी लॉकं चुंबकानं उचलायची. ती लॉकं ऑइलच्या वाटेनं खाली चेंबरमध्ये पडली तर खरोखरच सगळं उतरवायची वेळ येईल, म्हणून मामांच्या पोरानं प्रत्येक भोकात कापडाचा बोळा कोंबला आणि शेवटी बोळे मोजून घेतले. जुनं सील माझ्या हातावर ठेवलं. नखानं दाबलं तर दबेना, जास्त जोर दिल्यावर तुकडा उडाला. नवं सील दोन बोटांत चेपत होतं. एवढाच फरक, आणि त्यापायी उरलेला निम्मा खप.

ऑइल काढलं तेव्हा जुना फिल्टरही उघडला. करवतीनं नाही, शेजारच्या वर्कशॉपमधून पाइप कापायचा चाकाचा कटर आणला. करवतीचा किस आत पडला तर आपणच पाडलेला लोखंडाचा चुरा बघून आपण घाबरायचं, असं मामा म्हणाले. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या. काळं होतं, चमचमणारं काही नव्हतं. बेअरिंग झिजत असेल तर इथं सोनेरी-चंदेरी कण दिसतात.

नवं ऑइल कुठलं, यावर गॅरेजमध्ये जमलेल्या मंडळींत चांगलाच वाद झाला. ‘वीस-पन्नास (२०डब्ल्यू-५०) घाला, धूर बंद,’ हा सल्ला एकाचा. माझ्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० आहे. यातला दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहतं त्याचा: ३० साठी ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप), ५० साठी १६.३ ते २१.९. म्हणजे तापलेल्या इंजिनातही जवळजवळ दुप्पट घट्ट. ज्या वाटा पातळ ऑइलसाठी आखल्यात त्यांत हे सकाळच्या पहिल्या सेलला वेळेवर पोचत नाही, आणि इंजिनाची झीज सगळ्यात जास्त तेव्हाच होते. धूर दिसायचा थांबतो खरा, पण थांबतो तो दिसायचा. ‘स्मोक स्टॉप’च्या बाटल्यांबद्दल माझं हेच मत आहे. गाडी विकायला काढलेल्यांनाच त्यांचा उपयोग. मी ५डब्ल्यू-३० घेतलं, डब्यावर एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ऑइलची प्रत) बघून; ही प्रत २०२० पासूनची, आणि जुन्या एसएन मागणाऱ्या गाडीतही चालते. नंतर रिकाम्या डब्याला मामांनी स्क्रू ड्रायव्हरनं भोकं पाडली. अखंड डबा भंगारात गेला की त्यात काय भरून परत विकायला येईल ते सांगता येत नाही.

चेंबर नटाचा वॉशर नवीन टाकला. तो चेपूनच सील करतो, एकदा चेपला की त्याचं काम झालं. गळू नये म्हणून जुन्याच वॉशरवर नट आवळत गेलं तर अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. आणि भरताना पोरगा ‘थोडं वर असू द्या, खातेच की’ म्हणाला तेव्हा मामांनी त्याला झापलं. वरच्या खुणेच्या पुढं गेलं की क्रँक ऑइलला घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला पंप दाब देऊ शकत नाही.

पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलंय, पण त्याच पुस्तिकेत मागच्या पानावर ‘कठीण वापर’ असा तक्ता आहे आणि तो सहसा कुणी वाचत नाही. छोट्या फेऱ्या, धूळ, घाट, ट्रॅफिक. माझं सगळंच त्यात बसतं. त्यामुळं मी आता पाच हजारला किंवा सहा महिन्यांनी ऑइल आणि फिल्टर बदलते, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह दर वेळी काढून हलवून बघते. एअर फिल्टर गाळप हंगामात दोनदा. उसाच्या ट्रॅक्टरांमागून गाडी चालवणाऱ्याला कारण सांगायला नको. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ सिलिंडरला पॉलिश पेपर घासल्यासारखं काम करते आणि तेव्हा मात्र रिंगा खरोखर जातात.

जुनं ऑइल मामा पिंपात साठवून परवान्याच्या रिसायकलिंगवाल्याला देतात. माहेरी काका ‘दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लागेल, आण बाटलीभर’ म्हणून मागे लागले होते, पण ते कातडीला वाईट आणि विहिरीजवळ सांडलं तर त्याहून वाईट, म्हणून दिलं नाही. काका थोडे रुसले.

खप आता हजार किलोमीटरला शंभर मिलीच्याही आत आहे, पट्टीवर जेमतेम कळतो. दादा अजूनही मागून येताना धूर बघतो. गेल्या वेळी पिटवर गाडी घेतली तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर जराशी ओल दिसली, म्हणजे क्रँकचं मागचं सील. मी विचारलं, लगेच करायचं का? ‘टपकत न्हाई तंवर न्हाई,’ मामा म्हणाले. ‘क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरंलच, तवा टाकू. नुसत्या सीलसाठी मजुरी कशाला देताय? पट्टी तेवढी बघत जावा.’